कोस्तूभावाचं गोडं पाणी

आमच्या शेजारच्या कोस्तूभावाचं खरं नाव कॉन्स्टान्सियो, पण एवढी लांबलचक हाक मारायला तारकर्लीत वेळ कोणाला आहे? गावातल्या निम्म्या होड्यांची मशिनं त्याच्या हाताखालून गेलीत. समुद्रातून आलेलं मशीन अंगणातल्या गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करायचं, दणादण चालवायचं आणि आतलं खारं धुऊन काढायचं, हा त्याचा धर्म. "खारां लोखंड खाता गो सुगंधा," हे तो मला रोज ऐकवतो, जशी काही मी कालच इथे नांदायला आलेय!

बायको गेल्यापासून घरात तो आणि मुलगा कॉनरॅड. कॉनरॅड गोव्यात एका शेठकडे ड्रायव्हर. या शेठला जमिनीला पोट घासत पळणाऱ्या गाड्यांचा भारी शौक. लवकरच कॉनरॅड नोकरीत कायम होणार होता. मग त्याला आवडणाऱ्या फेबीच्या घरी मागणी घालायची, असं बापलेकांचं ठरलेलं. कोस्तूभावाने त्यासाठी घराला रंगसुद्धा लावून घेतला होता.

मे महिन्यात शेठची एक पिवळी गाडी किनाऱ्यावर फोटो काढायला आली. फोटो झाले आणि कॉनरॅड ती घेऊन घरी जेवायला आला. म्हणाला, "पपा, ही सारखी रुसता. बांद्याक स्क्रीन काळी झाली, मगे आपोआप इली. शेठ म्हणता, ह्या गाड्यांचा असाच असता."

कपाळ माझं! एवढी महागडी गाडी, आणि तिचा भरवसा माझ्या मिक्सरएवढासुद्धा नाही?

जेवून कॉनरॅड आडवा झाला. कोस्तूभाव गाडीभोवती फिरला. चाकांना वाळू, अंगावर खाऱ्याचा पांढरा थर. इंजिन मागच्या बाजूला, वर हवेसाठी उघड्या झडपा. पोरासारखा हरखला. "बघ गो, होडयेसारखां मशीन मागे!" आणि पाण्याचा पंप ओढत घेऊन आला.

मी कुंपणापलीकडे आमसुलं वाळत घालत होते. म्हटलं, "रे, कॉनरॅडाक इचार आधी."

"खारां काढूक काय इचारूचा?" म्हणाला, आणि झडपांतून जोरात पाणी मारलं. नंतर स्वतःच्या धुतलेल्या पंच्याने गाडी पुसलीसुद्धा.

कॉनरॅडने उठून बटण दाबलं. गणपतीच्या मखरासारखे सगळे दिवे एकदम लागले, आणि विझले. पुन्हा दाबलं. काही नाही. झडपांतून अजून पाणी ठिबकत होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बापाकडे बघत नुसता उभा राहिला.

कोस्तूभावाने मागचं झाकण उघडायला लावलं. आत सगळी काळी कवचं आणि बारीक वायरींचे गुंते. जिथे हात घालावा तिथे काही सुटेना. "ह्याची नाडी खंय आसा रे?" त्याने विचारलं. इतकी वर्षं ओळखते त्याला, असा बारीक आवाज कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. तार जोडली आणि म्हणाला, "आत पाणी गेलंय."

"पण ती आधीपासूनच बंद पडत होती," कॉनरॅड म्हणाला. "काल बांद्यालासुद्धा..."

"असेल. मुळात कशाने बिघडली ते आता सांगता येणार नाही. पाणी मात्र दिसतंय." आणि त्याने शेठला फोन लावून कॉनरॅडच्या हातात दिला. शिरा पडो त्या डबड्यार! मशीन दोषातून सुटलं आणि माणूस अडकला.

पलीकडून शेठ ओरडत होता, गाडी कोणी धुतली? कोस्तूभाव पुढे धावला. "माका दी. मियां सांगतंय."

कॉनरॅडने त्याच्याकडे पाठ फिरवली. म्हणाला, "मी धुतली, साहेब."

गाडी ट्रकवर चढवून नेली. नोकरीही तिच्याबरोबरच गेली. कॉनरॅड आता पर्यटकांच्या होडीवर जातो. बापाला एका शब्दाने बोलला नाही तो. कोस्तूभाव मला पुन्हा पुन्हा विचारतो, "माझ्याच पाण्यान झालां काय गो? की ती मरणारच होती?" काय सांगू? कोणालाच माहीत नाही. कळायचा रस्ताच नाही.

परवा होडीवाल्या गणपतने समुद्रातून आणलेलं मशीन अंगणात टाकलं. मासे उतरवायची घाई होती त्याला. कोस्तूभाव पाईप हातात धरून उभा.

"गणपत, पाणी मारू मां?"

गणपत हसला. "मेल्या, माका कित्या इचारतंस?"

कोस्तूभाव हसला नाही. तो पायरीवर बसलेल्या कॉनरॅडकडे बघत होता. कॉनरॅड मान खाली घालून मोबाइल बघत होता. मला राहवेना. कुंपणावरून ओरडले, "मार रे कोस्तूभाव! मार एकदाचां!" आणि मलाच रडू फुटलं.

तो पाईप धरून तसाच उभा राहिला.