माझा शॉर्टस्टॉप आणि दाजींचे होम रन

दहावीची परीक्षा चालू होती, मी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून जात होते, आणि त्याच आठवड्यात दाजींनी माझा शॉर्टस्टॉप देऊन टाकला.

मी पाटोद्याला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कॉलेजात आधी सॉफ्टबॉल आणि मग बेसबॉल खेळले. तेव्हा माझ्यासोबत खेळणारी एक मैत्रीण लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिथं ती आणि तिच्या ओळखीचे काही लोक संगणकावर बेसबॉलची लीग चालवतात. संघही खोटे आणि खेळाडूही खोटे, पण प्रत्येकाच्या नावापुढं आकडे असतात. हा किती जोरात मारतो, तो किती पळतो, याचा हात किती पक्का. आपण फक्त संघ निवडायचा आणि कुणाला कुठं उभं करायचं ते सांगायचं. सामना संगणक खेळतो, आणि दुपारी चारला निकाल आपल्या मोबाईलवर. कुणीतरी एक संघ अर्ध्यात टाकून गेलं, तो मैत्रिणीनं माझ्या गळ्यात घातला. मी नको नको म्हणत घेतला आणि पार त्यात अडकले.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सिरसाळ्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वरच्या फळीवरून पाईप काढताना शिडी सरकली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून दुकानाकडं निघणारा माणूस दिवसभर खाटेवर. अक्का वैतागली होती. "कायतरी काम दे बाई यान्ला," म्हणाली. इकडं परीक्षेला मोबाईल बाहेर ठेवावा लागायचा, आणि रोजचा संघ अकरा ते एक या वेळातच पाठवावा लागायचा. मीच मूर्ख. दाजींना त्यांच्या मोबाईलवर सगळं उघडून दिलं. "रोज फक्त हे बटन दाबायचं," मी बजावलं. "बदलायचं काही नाही."

चौथ्या दिवशी केंद्रावरून बाहेर आले, मोबाईल हातात घेतला, आणि बघते तर शॉर्टस्टॉपच्या जागी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, जिथं सगळ्यात जास्त चेंडू येतात तिथं, भलताच माणूस उभा. एस.टी. स्टँडवर उभ्या उभ्या फोन लावला.

"दाजी, माझा शॉर्टस्टॉप कुठाय?"

"दिला की," दाजी म्हणाले. "त्याच्या बदल्यात लई भारी माणूस आणलाय. होम रन मारतो नुसते, चेंडू थेट मैदानाबाहेर. बघा तरी मॅडम!"

"मी काही बदलू नका म्हणाले होते ना?"

"आता कावून चिडता? तुमच्या त्या पोराला बॅट धरता येत न्हवती. नवव्या नंबरला यायचा अन् जायचा."

"त्याचं काम बॅटिंग नाही, दाजी. चेंडू अडवणं हे त्याचं काम."

"अडवून का सामना जिंकता येतो? रन काढावेच लागतेत."

मी फोन ठेवला. रागानं माझी बससुद्धा चुकली. झालेली अदलाबदल मागं घेता येत नव्हती, आणि हातचा दुसरा शॉर्टस्टॉपही नव्हता.

पुढचे तीन-चार आठवडे आमचा संघ धो धो रन काढत होता आणि हरत होता. चार वाजून पाच मिनिटांनी दाजींचा फोन ठरलेला.

"नऊ रन काढले की आज!"

"आणि अकरा दिले."

"ते पिचरचं, चेंडू टाकणाऱ्याचं बघा तुमी. आपल्या माणसाची एकबी चूक न्हाई. चुकीच्या खान्यात शून्य हाय, शून्य!"

याच शून्यानं माझं डोकं फिरवलं. बेसबॉलमध्ये फील्डरच्या हातून चेंडू सुटला तर ती त्याची चूक लिहितात. पण चेंडू चार पावलांवरून निघून गेला आणि हा जागचा हललाच नाही, तर ती चूक धरत नाहीत. तो मारणाऱ्याचा चांगला फटका ठरतो. म्हणजे जो पळतो, झेपावतो, त्याच्याच नावावर चुका. आणि खांबासारखा उभा राहणारा कोरा करकरीत. मी हे दाजींना तीन वेळा समजावलं. एकदा तर वही घेऊन बसले, सामन्यांचे अहवाल ओळीओळीनं वाचले आणि आपल्या माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूनं किती चेंडू गेले ते काढलं. फोनवर वाचून दाखवलं.

"संगणकाचं काय सांगता," दाजी म्हणाले. "त्याला काय दिसायलंय?"

महिन्याभरानं प्लास्टर निघाल्यावर दाजी आणि अक्का दोन दिवस आमच्याकडं आले. दाजी आता हिंडत-फिरत होते, थोडे लंगडत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मुलींचा बेसबॉलचा सराव घेते. म्हटलं, चला, तुम्हाला दाखवतेच.

आमचं मैदान म्हणजे काळी माती, वर मुरूम पसरलेला. चेंडू कधी खाली राहतो, कधी तोंडावर येतो. दाजींना ग्लोव्ह दिला आणि शॉर्टस्टॉपच्या जागी उभं केलं. पळू नका म्हणून ताकीद दिली. पाय नुकताच जुळलेला. मी बॅटनं हळू हळू जमिनीवरून चेंडू मारायला लागले. पहिला त्यांच्या डावीकडून गेला. दुसरा उजवीकडून. तिसरा परत डावीकडून. मुली तोंडाला ग्लोव्ह लावून हसायला लागल्या.

"काय मॅडम, माझ्याकडं मारा की," दाजी ओरडले. "एकबी माझ्याकडं येईना!"

"चुका किती झाल्या तुमच्या?" मी विचारलं.

"माझी कुटं चूक झाली? मी तर हातबी लावला न्हाई."

"तेच सांगतेय मी महिनाभर!"

मग दाजींना बाजूला घेतलं आणि आमच्या कर्णधार मुलीला उभं केलं. नांदूरघाटकडची पोरगी, मावशीकडं राहून शिकते. घरी मेंढरं आहेत, लहानपण त्यांच्यामागं पळण्यात गेलेलं. तेच चेंडू, त्याच जागी मारले. पहिला तिनं दोन उड्यांत गाठला. दुसरा पाठमोरी होऊन. तिसरा हातातून निसटला आणि तिनं जीभ चावली.

"ही बघा चूक," मी म्हणाले. "हिच्या खात्यावर एक, तुमच्या खात्यावर शून्य. संघात कुणाला घ्याल?"

दाजींनी ग्लोव्ह काढला आणि मान हलवली. मला वाटलं, जिंकले. मग हळूच त्यांनी विचारलं, "पन हिला बॅटिंग येती का?"

मुली परत हसल्या. कर्णधार पण हसली. कारण तिला बॅटिंग अजिबात येत नाही. मी बॅट जमिनीवर आपटली.

त्याच संध्याकाळी मी दाजींसमोर त्यांच्या होम रनवाल्याला बाकावर बसवलं आणि दुसऱ्या एका संघाकडून नवा शॉर्टस्टॉप आणला. हात असा की बघत राहावं. बॅटिंगचे आकडे इतके खाली की मी ते दाजींना दाखवलेच नाहीत. आता बघा, म्हटलं.

बघितलं आम्ही. एक-शून्यनं हरलो. दोन-एकनं हरलो. पुन्हा एक-शून्य. दाजी सिरसाळ्याला परतले होते. ते आता फोन करत नव्हते, नुसती हसणारी तोंडं पाठवत होते. मी मुद्दाम हट्टाला पेटले. पहिल्या बेसवरही हाताचा पक्का माणूस, डावीकडं लांब उभा राहणाराही तसाच. मैत्रिणीनं अमेरिकेतून विचारलं, अगं, तुझ्या संघात मारणारं कुणी आहे का? तिलाही मी तोडून बोलले.

शेवटी अक्काचा फोन आला. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. दाजींनी तिला काय सांगितलं कोण जाणे.

"काय चाललंय तुझं?" ती म्हणाली. "तिकडं हे हसायलेत, इकडं तू कुढायलीस."

"दाजींना कळत नाही अक्का. अडवणाऱ्याची किंमतच नसते कुणाला."

"तुला राज्याच्या संघात घेतलं न्हवतं, तवाची तू अशीच बोलती."

खरं होतं ते. मी शॉर्टस्टॉप होते. निवड चाचणीत माझ्याकडं आलेला एकही चेंडू मागं गेला नव्हता, आणि बॅट हातात आल्यावर मी तीनदा नुसतीच हवेत फिरवली होती. घरी आल्यावर तीन दिवस जेवले नव्हते. अक्काच ताट घेऊन मागं फिरायची.

"त्या मोबाईलातल्या पोराला न्हाई," अक्का म्हणाली, "तू सोताला खेळवायलीस. अन् हरायलीस."

मला राग आला तो तिचा, दाजींचा, आणि मग माझाच. दुसऱ्या दिवशी अहवाल पुन्हा काढले. आमचे पिचर असे की समोरच्याचे फटके बहुतेक जमिनीवरूनच यायचे. म्हणजे मधल्या जागांवर पक्के हात हवेतच. पण डावीकडं लांब उभ्या असलेल्या माझ्या लाडक्या फील्डरकडं सामन्याला जेमतेम दोन चेंडू जात होते. तिथं मी एवढा हात वाया घालवत होते. त्याला बाकावर बसवताना जीव नको झाला, पण बसवला. त्याच्या जागी दाजींचा होम रनवाला उभा केला आणि दाजींना फोन लावला.

"शॉर्टस्टॉप माझाच राहील," मी म्हणाले. "तुमचा माणूस लांब उभा राहील. तिथं त्याला काय घालवायचं ते घालवू दे."

"मी पयल्या दिवसापासून हेच म्हनत हुतो," दाजी म्हणाले.

ते कधीच असलं काही म्हणाले नव्हते. मी डोळे मिटले.

उरलेले बहुतेक सामने आम्ही जिंकले. काही नऊ-तीन, काही दोन-एक. शेवटच्या दिवशी होम रनवाल्यानं दोन मारले, आणि त्याच सामन्यात त्याच्या डोक्यावरून गेलेल्या एका चेंडूनं आम्ही हरलोही. पुढच्या फेरीत पहिले तीन संघ जातात. आम्ही चौथे आलो.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"बघितलं का मॅडम," दाजी खुशीत होते. "त्याच्या नावावर आजबी चूक न्हाई!"