थंडी पडली नाई थो हिवाळा

ऑक्टोबरात आमची पार्टी पोस्टवर चढली. पोस्टचं नाव सांगत नाई, सांगितलं तरी तुमाले नकाशात सापडनार नाई. वर एक सुभेदार साहेब, काही जवान, एक नर्सिंग असिस्टंट, एक रेडिओवाला आनि एक कुक. कुक म्हनजे मी. आठवी पास. थे बी कसा पास झालो हे आमच्या मास्तरले मरेपावतो समजलं नाई.

गावात झेंडावंदनाले मले पुढच्या खुर्चीत बसवतात. पोट्टे इचारतात, काका, किती दुश्मन मारले? मी करछुलवाला फौजी, दाय ढवळनारा. ट्रेनिंगमदी रेंजवर गोया चालवल्या, त्यातल्या निम्म्या बाजूच्या जवानाच्या टारगेटवर लागल्या. थो फर्स्ट आला. मले उस्तादनं रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या चकरा माराले लावल्या. माह्या हातानं जर फौजेत कोनाच्या जिवाले धोका झाला असन, त थो माह्या दायीनं. तेवढ्या उंचीवर पानी लवकर उकयते, पन दाय काही शिजत नाई.

आता ही गोष्ट काहून काढली, थे सांगतो. यंदा इकडे चांदूर बाजारले डिसेंबरात पंखे चालू हायेत. दोन दिवस थंडी पडली, स्वेटर काढलं. मंग ढग आले, स्वेटर ठेवलं. मंग पानी आलं. संत्र्याचे झाडं पानी तोडून ताणावर सोडले होते, त्याईचा ताण पान्यानं मोडला, आता बहार येईन का नाई थे झाडालेच माहीत. हरबऱ्यात अळी. आनि टपरीवर लोक चहा पेत पेत म्हनतात, "बंडूभाऊ, यंदा हवा कशी मस्त हाये ना. थंडीचा तरासच नाई."

मले शिसारी येते. कप तसाच ठेवून उठतो. मांगून लोक म्हनतात, याले मूळव्याध झाली वाटते.

असा मस्त हिवाळा म्या पोस्टवर काढला.

पोस्टवर नळ नसते. बर्फ आना, भांड्यात पघळवा, उकयवा, प्या. वरच्या अंगाले, उन्हाच्या बाजूनं, दोरी बांधून एक तुकडा राखला होता. थे पेयाचं बर्फ. तिथी कोनाचा बूट पडला त सुभेदार साहेब त्याच्या खानदानाची चौकशी करत. मांगच्या अंगाले, सावलीत, खाली, टट्टी. बराबर हिवाळा असला का टट्टीचा बी दगड होते. वास नाई, काई नाई. ढीग वर आला का सब्बलनं फोडाचा आनि खाली लोटाचा. हे काम पाळीपाळीनं. माही पाळी आली तवा पयल्याच घावाले एक टुकडा उडाला आनि माह्या मिशीत बसला. मिशी म्या त्याच दिवशी सफाचट केली. घरी फोटो पाठवला त बायको शेजारनीले सांगे, फौजेत शिस्त लय कडक हाये.

माहा दोस्त नायक तायडे, मूर्तिजापूरकडचा. आमच्या पोस्टवर वऱ्हाडी बोलनारे आमी दोघंच. आमी एकमेकाले मीठ मांगितलं तरी बाकीच्यायले वाटे यायचं भांडन लागलं.

"बंड्या, हे दाय हाये का छर्रे?"

"खा मुकाट्यानं. दुश्मन आला त तोंडातून मारजो."

घरी त्याची माय एकटी. बाप लहानपनीच गेला होता. सुटीत तायडे गेला का मायनं दिलेली जवसाची चटणी आने आनि माह्या दायीत टाकून खाय. म्हने, बंड्या, तुह्या हातचं खाऊन मराची पाळी आली त निदान तोंडाले चव राहीन.

त्या साली डिसेंबर गेला आनि बर्फ पडलं नाई. जे पडे थे दुपारपावतो पानी होऊन जाय. रात्री थोडं गोठे, सकाऊन पुन्हा सुटे. जवान खूश. बंकराबाहेर उन्हात बनियनवर बसत. मी बी बसलो. म्हनलं, सरकारनं यंदा आपल्याले थंड हवेच्या ठिकानी सहलीले पाठवलं.

जानेवारीत पेयाच्या बर्फाची जागा उघडी पडली. नुसता काया दगड, त्याच्याभवताल दोरी. बर्फ उरलं थे मांगच्या सावलीतलं, टट्टीच्या बाजूचं. आनि थे बी नरम पडलं. आता जेवत असान त पुढचं मांगून वाचा. जे आमी सब्बलनं फोडत होतो त्याचा चिखल झाला. चिखल पायऱ्याईपावतो आला, पायऱ्यावरून बुटाले, बुटावरून बंकरात, बंकरातून स्लीपिंग बॅगेत. आधीच्या पलटनीचे डब्बे, सडके मोजे, एक मेलेलं खेचर, सारं बर्फाखालून वर आलं. मी रोज त्याच्या बाजूनं नाक दाबून जाओ आनि येऊन पोळ्या लाटो.

पेयाचं बर्फ सरलं म्हनून सुभेदार साहेबानं ऑर्डर दिला, "पानी नाले से आएगा." खाली नाला होता, एरवी गोठलेला, यंदा खळखळ वाहे. जॅरिकेन पाठीवर घेऊन चढाचं. पानी काचेवानी. मी वर आनून उकयत होतो, पन जो मानूस भरून चढे थो आधी नाल्यावरच ओंजळीनं पेऊन घे. म्या बी पेलं. गोड लागलं. तायडेले म्हनलं बी, "आपल्या पूर्णेचं पानी याच्यापुढं काहीच नाई."

नाल्याच्या वरच्या अंगाले एक जुनी पोस्ट होती, कितीक वर्षांपासून रिकामी. तिच्या मांगं बी टट्टी होतीच. किती पलटनी तिथी बसून गेल्या असतीन त्याचा हिशोब नाई. थे सारं दगड होऊन पडलं होतं. त्या मस्त हिवाळ्यात थे पघळलं आनि नाल्यात उतरलं. आमाले हे मांगून समजलं, तोपावतो आमी थेच गोड पानी पेऊन राह्यलो होतो.

मंग पोस्टची पोटं सुटली. पयला नंबर माहा. कुकच पयला पडला म्हनून सारे जवान खूश झाले, म्हनत, आता समजलं आमचं दुख. दुसऱ्या दिवशी थे बी माह्या मांगं लाईनीत उभे. आमी दोनचार दिवसांत उठून बसलो. तायडे उठला नाई. त्याच्या पोटात घोटभर पानी टिकेना. नर्सिंग असिस्टंटनं गोया दिल्या, सलाईन लावलं. सलाईनच्या बाटल्या सरल्या. तायडेचे डोये आत गेले.

रेडिओवाल्यानं खाली मेसेज टाकला. "केस सिरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"वेदर बॅड. वेट करो. ओव्हर."

कडक हिवाळ्यात ढग येते, बर्फ टाकते, निघून जाते. मांगून निळं आभाळ. त्या साली ढग आला का बसून राहे, लग्नात जेवन झालं तरी न उठनाऱ्या पाव्हन्यावानी. दोन दिवस आमी वर मान करून पाह्यलं.  बर्फ बी टाकेना, जागा बी सोडेना.

तिसऱ्या दिवशी पाहाटे पाच वाजता सुभेदार साहेब बंकरात आले. "नीचे ले जाना है. अभी."

खालच्या पोस्टवर डॉक्टर होता, गाडी होती. तिथपावतो तायडेले जित्ता न्याचा, एवढंच काम. बराबरचा हिवाळा असता त हे काम सोपं. कडक बर्फावर स्ट्रेचर ठेवाचं, मांगून दोरी धराची, घसरत घसरत दुपारच्या जेवनाले खाली. त्या दिवशी बर्फ कुजलेलं होतं. वरून पांढरं, पाय टाकला का मांडीपावतो आत. जिथी बर्फ नाई तिथी चिखल. स्ट्रेचर ओढता येईना, खांद्यावर घ्या लागलं. अर्धे जवान अजून अशक्त होते, म्हनून मले बी घेतलं. मले घेतलं याच्यावरून समजा पोस्टवर धड मानसं किती उरले होते.

माह्या पाठीवर चहाच्या गरम पान्याचा मोठा थर्मास. मधात थांबून सगळ्यायले चहा द्याचा, असं ठरलं होतं. थोडं उतरलो आनि मी कमरेपावतो बर्फात गेलो. हात वर, थर्मास वर, बाकी बंडू खाली.

स्ट्रेचरवरून आवाज आला. "डोस्कं राह्यलं बे अजून. थे बी जाऊ दे."

"तू पडून राह्य नायक साहेब. तुह्यासाठी तोंड बाहेर ठेवलं."

मले ओढून काढलं तवा समजलं, माहं पोट पुन्हा सुटलं होतं. पँट भरली होती. कोनाले सांगितलं नाई. वास सारखाच येत होता, कोनाचा कोनता काय समजते.

थोड्या वेळानं तायडेनं मले जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"बंड्या, घरी काय सांगशीन?"

"सांगीन, हा लेकाचा दायीले नाव ठेवते."

"मस्करी नको करू बे. फौजी हागवनीनं गेला असं गावात सांगशीन काय? गोयी लागली सांगजो."

"तूच सांगजो सुटीत जाऊन."

"सांगजो म्हनलं ना."

म्या हो म्हनलं.

पुढं उतारावर त्याचं सारं अंथरून भरलं. पातय पानी, स्ट्रेचरमधून खाली गयत होतं, खालच्या जवानाच्या मानेवर. त्या जवानानं तोंड फिरवलं. तायडेनं डोये मिटले. म्हने, "थांबू नका. मले असंच राहू द्या." नर्सिंग असिस्टंट सुभेदार साहेबाले म्हने, "साब, गीला रहेगा तो ठंड से जाएगा." सुभेदार साहेबानं आमच्याकडे पाह्यलं. सारे खाली पाहाले लागले. मी बी पाह्यलं, खोटं काहून बोलू. मले ओकारी आली होती.

मंग म्या थर्मास उतरवला.

"साब, चाय नहीं मिलेगी."

सुभेदार साहेब म्हने, "कर."

दोघांनी ब्लँकेट आडवं धरलं. म्या त्याले गरम पान्यानं धुतला, पुसला, सुकं ब्लँकेट गुंडायलं. माह्या खिशात पोळ्याईचं फडकं होतं, थेच घेतलं. तायडे डोये उघडाले तयार नाई. धुता धुता म्हनलं, "लेका, मायच्या हातची चटणी खातो, धुवाचं काम माह्याकडं." थो हसला नाई, पन माह्या मनगटाले धरून ठेवलं त्यानं. मले एका हातानं काम करा लागलं.

आमी पुन्हा उचलला. दुपारचे तीन झाले होते. खालच्या पोस्टचा पत्रा दिसाले लागला तवा नर्सिंग असिस्टंटनं हात वर केला. आमी थांबलो. त्यानं मानेवर बोटं ठेवले, मंग छातीले कान लावला. सुभेदार साहेबानं टोपी काढली. रेडिओ स्वतः हातात घेतला.

"हेलिकॉप्टर की जरूरत नहीं. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी आभाळ असं निळं निघालं का डोयात खुपत होतं. मी वर पाहून थुकलो. थुंका माह्याच जॅकेटवर पडला.

सुटी मिळाली तवा मी मूर्तिजापूर उतरून त्याच्या गावाले गेलो. विहाराच्या बाजूचं घर. आंगनात सारा गाव जमला. म्या सांगितलं, गोयी लागली. कशी लागली, कुठून आली, तायडेनं मले खाली कसं ढकललं, सारं सांगितलं. लबाडी कराची म्हनजे मी दायीवानी कच्ची ठेवत नाई, पूर्न शिजवतो.  आता त्या गावच्या शाळेत दर साली थे भाषन होते, एकदा मले बी बोलावलं होतं. त्यात तायडेनं सात दुश्मन मारले. मांगच्या साली म्हने पाचच होते. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आनि स्वतःची किळस आली. त्याईची नाई. त्याईले थे गोष्ट म्याच वाढली होती.

त्याची माय यंदा पोळ्याच्या आधी गेली. म्हनून आता सांगाले मोकळा झालो.

त्या दिवशी आंगनातून लोक उठून गेल्यावर तिनं मले हात धुवाले पानी दिलं. मी मोरीपाशी वाकलो होतो. मांगून म्हने, "बंडू, गोयी नाई लागली ना त्याले?"

मी हात चोयत राह्यलो.

"लहानपनापासून पोटाचा कच्चा होता थो. पोट बिघडलं का माह्याशिवाय कोनाले जवळ येऊ दे नाई. त्याचंच झालं काय?"

"हो माय."

"त्यानंच सांगितलं असन तुले, गोयी सांग म्हनून."

"हो."

"मंग मी हाये तवरी लोकायले गोयीच राहू दे. त्याची इच्छा होती." तांब्या तिच्या हातात तसाच होता. "शेवटी लय खराब झाला असन."

"झाला होता."

"धुतलं कोनं?"

"म्या."

तिनं माह्याकडे पाह्यलं. मंग माह्या हाताकडे.

"पानी गरम होतं काय?"

"होतं माय. चहाचं होतं."

"बरं केलं," थे म्हने, आनि तांब्यातलं उरलेलं पानी माह्या हातावर टाकलं. "चाल, जेवून घे. भाकर निवून राह्यली."