भात्याने परस्पर सोडलेल्या गोळ्या

चिडला की नाकपुड्या फुगवून फुसफुसायचा, म्हणून अख्खी गल्ली त्या लोहाराला भाता म्हणायची. अर्थात पाठीमागे. एका सुताराने तोंडावर म्हणून पाहिलं होतं. त्याचा पुढचा दात पडला की पाडला, यावर अजून दोन मतं आहेत.

असा माणूस मागच्या वर्षी एकाएकी विझला. भट्टी पेटवेना, जेवेना, कुणी शिवी हासडली तरी परत करेना. तेव्हा मात्र गल्ली घाबरली. बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दीडेक महिन्यात भट्टी धगधगली. बायको पुन्हा ऐरणीसमोर उभी राहिली. त्या दुकानात घण तिचा, सांडशी आणि हातोडा त्याचा.

दहा महिने सुरळीत गेले. मग भात्याने स्वतःच जाहीर केलं, तेही स्वतःपुरतंच, की आपण बरे झालो. तापलेली सुरी एका झटक्यात पाण्यात बुडवायची, तशाच गोळ्याही एका झटक्यात बंद. पाकीट फळीवर भिरकावलं आणि बायकोला पत्ता लागू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकायला लागली. झोप उडाली. चौथ्या दिवशी बांधकामावरचा मुकादम छिन्न्या घेऊन आला.

"भाऊ, बिस्किटासारख्या तुटतात या. चहात बुडवू का?"

भात्याने भट्टीतली लालभडक पट्टीच त्याच्यावर फेकली. मुकादमाची पॅन्ट पेटली. त्याने आधी पॅन्ट विझवली, मग भात्याचं नाक फोडलं. दोघे कोळशात लोळले. मुकादमाचा कान भात्याच्या दातांत होता. बायकोने बादली ओतली तेव्हा सुटला.

पाचव्या दिवशी तिचा एक घाव बोटभर हुकला. भात्याने हातोडा फेकला. तो तिच्या कानाला वारा घालून गेला आणि मागच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला.

तिने घण खाली ठेवला.

"गोळ्या कधी सोडल्यात?"

"कसल्या गोळ्या?"

"अहो, सव्वीस वर्षं तुमचा राग धुतेय, पुसतेय. आजवर तो माझ्या अंगावर आला नव्हता. कारण काही का असेना, तुमच्यासमोर मी आता उभी राहायची नाही."

भात्याचं धाबं दणाणलं. त्याने फळीवरचं पाकीट ओढलं आणि चुकवलेल्या पाच दिवसांच्या पाचही गोळ्या तळहातावर घेतल्या. तिने मनगटावर असा फटका हाणला की पाचही भट्टीत.

"अक्कल आधीच गहाण, आता जीवही घालवता? चला."

डॉक्टरीणबाईंनी फुटकं नाक पाहिलं. जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारलं. नाही म्हणाला.

"काका, एकदम सोडल्याने असं होऊ शकतं. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरून काढायच्या नसतात, कधीच. मी लिहून देते तेवढीच घ्या. सोडायची वेळ आली की मीच हळूहळू कमी करेन. आणि दुखण्याखोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "हातोड्याचं सगळं खापर मात्र गोळीवर फोडू नका."

"मऊ करायचं लोखंड राखेत सावकाश निववता," बायको म्हणाली. "स्वतःला मात्र बुडवलंत."

तीन आठवडे भाता एकटाच बिजागऱ्या ठोकत बसला. मुकादमाच्या दारी जाऊन माफी मागून आला, शिव्या खाल्ल्या, एकही परत केली नाही. सकाळची गोळी बायकोसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर. डोक्यातली वीज थांबली, झोप लागू लागली.

बाविसाव्या दिवशी ती दुकानात शिरली. ऐरणीवरचा हातोडा उचलला, पदर खोचला, त्यातच हातोडाही खोचला.

"सांडशी दोन्ही हातांनी धरा. आणि मान खाली."

त्याने धरली. तिने घण उचलला. त्या दिवशी पडलेल्या घावांतले लोखंडासाठी किती आणि नवऱ्यासाठी किती, याचा निकाल शेजाऱ्यांना अजून लावता आलेला नाही. सांडशी मात्र एकदाही हलली नाही.