पानाचा दगड

माह्या माणसाचं नाव प्रेमलाल. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, पण त्याची गोष्ट सांगाची तं नाव सांगाच लागते. उकवा गावाच्या पलीकडं गिधाडटोक नावाची पहाडी हाय. तिच्या माथ्यावर जंगल खात्याचं लोखंडी मचान हाय. त्या मचानावर बसून जंगलात कुठं धूर निघते का, हे पाह्यचं, एकोणीस वर्षं झाले त्याले या कामाले. अन् माणूस कसा म्हणाल, तं आख्ख्या गावात एवढा भित्रा दुसरा सापडणार नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, याच्या पाठी तं ब्रह्मराक्षसाचं सारं खानदान!

अंधारात दोर दिसला तं साप म्हणते. बकरी शिंकली तं उठून बसते. मी लग्न होऊन तिरोडीकडून इथं आली तवा पहिल्याच हप्त्यात मले म्हणते, "पियुषच्या माय, तू येत जा माह्यासंगं वर. दोघं असले म्हणजे बरं रायते." तवा पियुष जन्मालेही आला नव्हता, पण यानं त्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, अन् तो पोरगा पहाडीवर जाईन म्हणून तवापासूनच भेऊन राह्यला होता. सांगा आता!

मंग मी जायले लागली. सकाळी तो एकटा निघे, दुपारी मी डबा घेऊन चढत जाओ, अन् सांजच्या आधी दोघंही खाली. दीड तासाची चढण हाय. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरते, ढग खाली उतरते अन् चार हातांपुढचं दिसत नाही. तवा तो मोठमोठ्यानं बोलत चालते. काय बोलते? काहीच्या बाही. कोथिंबिरीचा भाव, पियुषचे मार्क. पहाडीवर वाघाचं नाव घेत नाहीत, 'मोठा' म्हणतात, अन् मोठ्याले माणसाचा आवाज आयकू गेला पाह्यजे म्हणून याची बडबड. हिवाळ्यात बोरं पिकले का अस्वलं येतात. तवा हा काठीनं दर झाडाले ठोकत जाते. उन्हाळ्यात मोह पडते अन् लोकं फुलं वेचाले सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तवा तं त्याची झोपच उडते.

म्हणूनच फागुन लागला का हा मचानाखालची जमीन झाडून काढते. गवताची काडी नाही, पानाचा तुकडा नाही, चारी बाजूनं वीस-वीस पावलं उघडी माती. खराटे झिजले. गावातले पोट्टे विचारत, "काका, वर लग्न हाय का?" मीही हासत होती. माह्याच तोंडानं हासत होती, हे ध्यानात ठेवा.

आता पानाचं सांगते. अर्ध्या वाटेवर एक वळण हाय, तिथं चपटा दगड हाय. वर जाणारा माणूस तिथं एक हिरवं पान ठेवते अन् त्यावर गोटा ठेवते. उतरताना आपलं पान उचलते. पान असलं म्हणजे माणूस वर हाय, नसलं म्हणजे पहाडी रिकामी हाय. मोबाइलले वर टावर भेटत नाही, म्हणून आजही हेच चालते. सुकलेलं पान कालचं, ते कोणी धरत नाही. उन्हाळ्यात साग बोडका होते, मंग तेंदूचं कवळं पान. ज्याचं त्यानं उचलाचं, अन् उचललेलं तिथं फेकाचं नाही, घरी नेऊन बकरीले द्याचं. फेकलं तं मागचा माणूस फसते. प्रेमलालच्या पानाले दोन काड्या टोचलेल्या असत. त्याले भेव, आपलं पान दुसऱ्याचं म्हणून कोणी उचलून नेईन.

अन् त्याचे गुडघे गेलेले. खाली बसलं का उठणं मुश्किल. म्हणून उतरताना दोन्ही पानं मीच उचलत होती. एवढे वर्ष. हाताले सवय पडून गेलती.

परसालचा एप्रिल. माह्या भाचीची, मयुरीची, लग्न ठरल्याची सुपारी होती तिरोडीले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जाचं होतं. मी वर डबा दिला अन् म्हटलं, "आज लवकर उतरा जी, बॅग भराची हाय." तं तो उघड्या मातीवर उभा राहून डोळे बारीक करून पाह्यते. "खालच्या नाल्याकडं धूर हाय. अन् उद्या मी नाही येत. मोहाचे दिवस हायत."

माही तळपायाची आग मस्तकात गेली. "एकुलती एक भाची! लोकं काय म्हणतील? तुमचा धूर अन् तुमचं भेव! जन्मभर भेतच राहा! भित्रा माणूस!"

तो नुसता म्हणे, "तू हो पुढं. मी अर्ध्या तासात येतो."

मी तणतणत उतरली. वळणावर बसली, तोंड चालू होतं, हात चालू होता. उठली अन् खाली आली.

घरी येऊन बकरीपुढं पानं टाकाले ओटी सोडली, तं दोन पानं. एकाले दोन काड्या टोचलेल्या.

मायबाई! बाहेर पाह्यलं तं गिधाडटोकाच्या बगलेले धूर, पिवळा, जाड. शेजारची शेवंताबाई सांगे, भैयालालच्या मोबाइलवर आगीचा मेसेज आला, तो चार माणसं घेऊन नाक्याकडच्या वाटेनं केव्हाचा वर गेला. भैयालाल म्हणजे आमच्या बीटचा नाकेदार, जंगल खात्याचा गार्ड. मोठी आग येऊन राह्यली असली का तो वळणावर थांबते, पानाचा दगड पाह्यते, अन् वर कोणी नसलं तं तिथूनच गवत पेटवून देते. आपणच जाळून टाकलं म्हणजे येणाऱ्या आगीले खायले काही उरत नाही, अन् खालचं गाव वाचते. पण वर कोणी नसलं तरच.

मी पळाली. चप्पल कुठं गेली मालूम नाही. पान मुठीत. छाती फुटून राह्यली होती अन् तोंडानं एकच, "थांबा रे बावा, थांबा रे." कोणाले आयकू जाणार? एवढी चाळीस वर्षांची बाई, त्या वाटेवर मोठ्याले भ्याली नाही, अस्वलाले भ्याली नाही. त्या दिवशी मले माह्याच हाताचं भेव वाटलं.

वळणावर पोचली तं गवत पेटलं होतं. त्यांनीच पेटवलं होतं. जाळ वर चढत होता, पाचोळा तडतड वाजत होता.

"वर माणूस हाय!" मी ओरडली.

भैयालाल म्हणे, "कैसे, भाभी? पत्थर पे पत्ता तो नहीं था." मंग त्यानं माह्या मुठीकडं पाह्यलं. मी मूठ उघडली. त्याच्या हातात माचीस तशीच होती.

दीड तास आम्ही तिथं बसलो. दुसरं करणार काय? वर जाले वाटच नव्हती. माणसं हिरव्या फांद्यांनी कडेचा जाळ झोडपत राह्यले. मी देवाचं नावही नाही घेतलं. कोणत्या तोंडानं घेऊ? भित्रा म्हटलं हे शेवटचं बोलणं राहीन का, एवढंच डोक्यात.

जाळ बसला तसे चढलो. जमीन गरम, भैयालालच्या बुटाचा तळ चिकटत होता, मले त्यानं आपला गमछा फाडून पायाले बांधून दिला. माथ्यावर सारं काळं. मचान उभं. अन् मचानाखाली वीस-वीस पावलं माती, जशीच्या तशी, पिवळी. मधात एक ओलं पोतं. पोतं हाललं.

प्रेमलाल बाहेर आला. भुवया जळाल्या होत्या. धूर वाढला म्हणून तो पाहत वरच थांबला होता, अन् जाळ आला तसं मटक्यातलं सारं पाणी त्यानं पोत्यावर ओतलं होतं. मी त्याचे पाय धरले अन् हंबरडा फोडला. तो माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "काहून रडतं वं? मले मालूम होतं, तुम्ही याल. खाली माह्यं पान हाय ना. पान पाह्यल्यावर कोणी कसं सोडीन?"

मी भैयालालकडं पाह्यलं. भैयालालनं माह्याकडं.

"हाँ भैया," भैयालाल म्हणे, "पत्ता देखा, तभी तो आए."

मी म्हटलं, "हौ."

मयुरीची सुपारी झाली, लग्नही झालं. भैयालालची बदली झाली. जाताना तो आमच्या घरी च्या प्याला, अन् त्या गोष्टीचं अक्षर नाही काढलं. प्रेमलाल आजही वर जाते. पण आता तो बडबडत नाही, झाडाले ठोकत नाही. ढगात, धुक्यात बिनधास्त चालते. मी विचारलं तं हासते. "भ्याचं काहून? पान हाय ना खाली."

आता मी भेते. वर चढताना भेते, घरी बसली तरी भेते. ओटी सोडताना दर वेळी दोनदा मोजते.

उतरताना वळण आलं का मी म्हणते, "तुमचं पान तुम्ही उचला जी."

"काहून वं? माह्ये गुडघे..."

"माही कंबर दुखते."

मंग तो गुडघ्यावर हात देऊन कण्हत खाली बसते, गोटा बाजूले करते, काड्या टोचलेलं पान उचलते. अन् माह्या हातात देते.

"घे," म्हणते, "तुह्याजवळच राहू दे."