माफीचा ठराव

माझं अक्षर चांगलं होतं, तेच नडलं.

मेहकरजवळच्या एका खेड्यात माझे बाबा शाळेचे हेडमास्तर होते. दुपारच्या एसटीनं आदल्या दिवशीचा पेपर यायचा आणि संध्याकाळी बाबा तो चावडीच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. अर्ध्या गावाला अक्षर येत नव्हतं, पण जगाची खबर सगळ्यांना होती. अमेरिकेची विमानं व्हिएतनामवर बॉम्ब टाकतात, हे ऐकून एक म्हातारी कडाडली, "मुडदा बसवला त्याईचा! तिथं लेकरं नाईत का?"

बाबांनाही चेव आला. सरपंचांना गळ घालून त्यांनी ग्रामसभेचा ठराव करवला : बॉम्बफेक ताबडतोब बंद व्हावी. मी तेव्हा सातवीत. सुवाच्य प्रत माझ्याकडून काढून घेतली, खाली सह्या आणि अंगठे. त्या म्हातारीनं तर अंगठा दोनदा उमटवला. एक प्रत दिल्लीला गेली आणि दुसरी 'माहितीस्तव' थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना. हसा खुशाल. आम्ही ते अगदी मनापासून केलं होतं.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा बुडाला. घरची ज्वारी संपली आणि सगळं गाव रेशनच्या मिलोवर आलं. मिलो म्हणजे अमेरिकेहून येणारी लाल ज्वारी. पोत्यावर हातात हात दिल्याचं चित्र असायचं. भाकर थापता थापता चिरायची, वासही धड नाही. लोक नाकं मुरडायचे आणि खायचे. मग एक दिवस दुकानाची फळीच उघडली नाही. दुकानदार म्हणाला, मुंबईला जहाज नाही आलं. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. आमच्याकडे कण्याही संपल्या.

अशात पेपरात बातमी आली. दिल्लीनं बॉम्बफेकीविरुद्ध तोंड उघडलं म्हणून अमेरिकेचं सरकार नाराज आहे, धान्य आता थोडं थोडं, त्यांच्या मर्जीनं मिळेल. दुसरा कुणी असता तर ती बातमी गाळून पुढे गेला असता. बाबांनी शब्द न शब्द वाचला.

मग एकजण हळूच म्हणाला, "मास्तर, आपला कागद पोचला वाटते तिकडं."

बाबांनी परोपरीनं समजावलं. अरे, आपला कागद कोण वाचतो? हे दिल्लीच्या बोलण्यावरून झालं.

"दिल्ली बोलली तं आपल्याच लोकाईसाठी बोलली न? मंग आपलंच झालं," सरपंच म्हणाले. "तुमी लेहलं, तुमीच पुसा. माफी मागा."

बाबा तिरमिरीत घरी आले. दोन दिवस लोक दारात येऊन बसत होते. कुणी भांडलं नाही, हेच वाईट. ती म्हातारीही आली. "मास्तर, नातू रडून राह्यला," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड लपवून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, "बाबा, लेहून टाका न. मले लय भूक लागते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "आपन खोटं काय लेहलं होतं, बाई?"

मला तेव्हा फक्त पोट होतं. त्यांनी दौत-टाक माझ्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मजकूरही मीच जुळवला : लहान माणसांची चूक मोठ्यांनी पोटात घालावी. 'क्षमा' कसं लिहायचं एवढं विचारलं, ते त्यांनी सांगितलं.

पुढे कॉलेजात गेल्यावर वाचलं की तिथला अध्यक्ष धान्याची एकेक खेप स्वतः अडवून धरायचा, आपण नरमतो का ते पाहत. म्हणजे आमचं गाव अगदीच खुळं नव्हतं. चूक एवढीच की आमचं म्हणणं तिथवर पोचतं, असं आम्हांला वाटलं. बाबा तोवर गेले होते. मला त्यांना हे सांगायचं होतं हो, फार सांगायचं होतं.

माफीचा कागद टपालात पडल्यावर आठ दिवसांनी दुकान उघडलं. "मास्तरनं जहाज सोडवलं!" गावभर एकच गलका. कुणीतरी बाबांच्या गळ्यात हार घातला, रांगेत त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. बाबा मान खाली घालून पिशवी धरून उभे होते. घरी येऊन त्यांनी हार दोरीवर टाकला, पेपर न उघडता बाजूला ठेवला. त्या दिवसापासून चावडीवर वाचन नाही.

आईनं भाकरी केल्या. बाबा म्हणाले, मले भूक नाही. मी माझी खाल्ली, मग त्यांच्या ताटातली ओढून घेतली. इतकी गोड भाकर मी पुन्हा कधी खाल्ली नाही.