उष्टं सोडलं

"तू मटण सोडणार? तुझ्या घरी शिजतं कधी मटण?"

संडे स्कूलच्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. चर्चमागच्या खोलीत आम्ही पोरी सतरंजीवर बसलेलो. सगळ्या खदखदून हसल्या.

राखेचा बुधवार होता. ईस्टरपर्यंत येशूसाठी जिवाला प्रिय असं काहीतरी सोडायचं. प्रत्येकीनं उठून सांगायचं. कुणी चॉकलेट सोडलं, कुणी टीव्ही. मी सातवीत. मटणाशिवाय मला काही सुचलं नाही.

बाई मोठ्या घरच्या. पणजोबा ब्राह्मण होते, हे त्या प्रार्थनेतसुद्धा सांगायच्या. आम्ही कोडोलीच्या महारवाड्यातले, बाप्तिस्मा घेतलेले. आई त्यांच्याकडं धुणंभांडी करायची. रविवारी मी त्यांच्या मागच्या दारात डबा घेऊन उभी राहायचे. ताटातलं उरलेलं मटण बाई वरनं ओतायच्या. डब्याला पातेलं लागू द्यायच्या नाहीत. सकाळी एकाच वेदीपुढं प्रभुभोजन घेतलेली आम्ही माणसं.

"म्हणजे आमचंच उष्टं सोडणार," बाई म्हणाल्या. "त्यात त्याग कसला? तू नाही खाल्लंस तर कुत्रं खाईल."

परत हसू. मी बोलून गेले,

"मग कुत्र्यालाच घाला. आमी न्हाय खाणार."

बाई ताडकन उठल्या.

बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. बाईंच्या पायाला हात लावला. वाटेत मात्र हळूच म्हणाली, "लई लागलं काय गं?"

ईस्टरला बाईंचा निरोप आला. सण आहे, डबा घेऊन ये. धाकटी बहीण लगेच उठली. मी डबा हिसकावला. ती भुईवर लोळून रडली.

आई म्हणाली, "आता उपास सुटला की, पोरी."

"त्यांचा सुटला. माझा न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आईला कामावरनं काढलं. आई खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. चुलीच्या धगीनं तिचे डोळे गेले. त्याचं खापर बहीण अजून माझ्यावर फोडते. फोडू दे.

आता मी नर्स आहे. यंदा लेंटचा, ईस्टरआधीचा उपास सुरू होताना चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "ताई, बाई थकल्यात. या उपासात तेवढा राग सोडा."

मी विचारलं, "बाईंनी आईची माफी मागितली?"

ते म्हणाले, "ते जुनं झालं, ताई."

राग सोडणार नाही. चर्चही सोडणार नाही. आईचा हात धरून दर रविवारी पहिल्या बाकावर बसणार. ज्याला खुपतं, त्यानं उठून मागं जावं.