डाव्या पिळाची फुलं

जानकीबाई घाडींबद्दल कांजूरमार्गच्या त्यांच्या चाळीत दोन गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. एक, त्यांच्या हातच्या कागदी फुलावर माशीसुद्धा फसते. दुसरी, त्यांच्या तोंडी लागू नये. माशीचं खरंखोटं देव जाणे. तोंडाचं मात्र दूधवाल्यापासून गणपती मंडळाच्या सेक्रेटरीपर्यंत कोणीही शपथेवर सांगेल.

नवरा काशीराम गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, आणि जानकीबाई कांजूर गावातल्या फिलोमिनाबायकडे फुलं करायला शिकल्या. फिलोमिनाबाय चर्चसाठी आणि लग्नांसाठी गुलाब करायची. जानकीबाईंनी गुलाब दोन दिवसांत उचलला आणि तिसऱ्या दिवशी जास्वंद करून बाईंना दाखवली. क्रेप कागद कुठल्या बाजूने ताणतो ते बघून पाकळी कापायची, दोन अंगठ्यांनी पोटात खोलगट करायची, कडा विणायच्या सुईवर वळवायच्या. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर फुलं झुरळांच्या पोटात जातात. शेवटी तारेच्या देठावर हिरव्या कागदाची पट्टी पीळ देत गुंडाळायची. सगळं शिकायला चार दिवस लागतात आणि हात बसायला चार वर्षं, असं त्या सांगत. सांगताना समोरच्याचं वय बघून हेही सुचवत की तुझ्याकडे तेवढा वेळ दिसत नाही.

एकतीस वर्षं चाळीच्या गणपतीचं मखर त्यांच्या फुलांनी सजतंय. देवाच्या अंगावर खरी फुलं, मखराला जानकीबाईंची, असा रिवाजच पडला. थर्माकोलचा जमाना आला आणि बंदी येऊन गेला, बाजारात प्लॅस्टिकच्या माळा आल्या, पण मंडळाची माणसं श्रावण लागला की त्यांच्याच दारात उभी. हा मान त्यांना जीव की प्राण होता. मुलगा हर्षद चिडवायचा, "आई, तुला आम्ही नसलो तरी चालेल, मखर पाहिजे." त्या नाही म्हणायच्या नाहीत.

सून आली ती तेजल, घाटकोपरची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. नवी असताना पहिल्याच श्रावणात ती हौसेने सासूच्या शेजारी बसली आणि कातर उचलली. डाव्या हाताने. जानकीबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"देवाच्या कामाक डावो हात चलाचो नाय गो. तू आपली चाय कर."

तेजलने चहा केला. त्यानंतर सहा वर्षं तिने सासूसमोर कागदाला हात लावला नाही. एरवी ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, पण हे तिने ऐकून घेतलं. उलट गेली दोन वर्षं ऐन श्रावणात, फुलांची घाई असताना, ती दर रविवारी मोठी पिशवी घेऊन माहेरी जायला लागली. जानकीबाईंनी याचा बोभाटा चाळभर केला. "घरात कामाचो डोंगर, आणि आमची सून घाटकोपराक." बायका माना डोलवत. सासू-सुनेच्या भांडणात माना डोलवायला काही खर्च येत नाही.

तोवर जानकीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. हर्षद ऑपरेशनचं बोलला की त्या उठून मोरीत जायच्या. डोळ्याला सुरी लावून घेण्यापेक्षा आहे ते बरं दिसतंय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. फुलं तर त्या बोटांनीच करत होत्या, डोळे फक्त सोबतीला. या वैशाखात मात्र त्यांनी उकळता चहा कपाऐवजी स्वतःच्या पायावर ओतला, आणि पायाला फोड आले तेव्हा मुकाट्याने दवाखान्यात गेल्या. आधी एक डोळा झाला, महिन्याभराने दुसरा.

काळा चष्मा उतरला आणि त्यांना जग नव्याने भेटलं. स्वयंपाकघराची भिंत पिवळट नव्हती, पांढरीशुभ्र होती. हर्षदच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. याबद्दलही त्यांनी त्यालाच फैलावर घेतलं. श्रावण पंधरा दिवसांवर आला होता. यंदा बघाच कशी फुलं करते, असं त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. दर वर्षी विसर्जनानंतर मखरातली एक डहाळी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवत. गेल्या वर्षीची उघडली. गोकर्ण होता, गर्द निळा, आत पांढरी जीभ, पाकळीला अगदी खऱ्यासारखी सुरकुती. त्यांची छाती फुगली. अधू डोळ्यांनी एवढं केलं! कौतुकाने देठावरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

पट्टीचा पीळ उलटा होता. त्यांचा पीळ कायम उजव्या अंगाने वर चढायचा. हा डाव्या अंगाने चढला होता. त्यांनी आदल्या वर्षीची डहाळी सोडली. तीही उलटी. त्याच्या आदल्या वर्षीची सुलटी, त्याही आधीची सुलटी. घरात उलटा पीळ घालणारा हात एकच होता.

"तेजल! हय ये. ह्यां फूल कोणी केल्यान?"

तेजल पोळ्या टाकून आली. फुलाकडे बघितलं आणि सासूकडे बघायचं टाळलं. "जाऊ द्या ना, आई. झालं ते झालं."

"माका सांग."

तेजल स्टुलावर चढली आणि माळ्यावरून एक पिशवी काढून पुढ्यात ठेवली. जानकीबाईंनी हात घातला. आत त्यांचीच फुलं होती, सुलट्या पिळाची. पांढरी हवी ती तगर हळदीसारखी पिवळी. आणि गोकर्ण काळा. निळा समजून त्यांनी काळा कागद कापला होता. दोन वर्षांचा, दोनशेच्या वर गोकर्ण, एकजात काळा.

"गणपतीक काळी फुलां?" त्यांनी पिशवी जमिनीवर पालथी केली.

"मंडळाचे लोक न्यायला यायच्या आधी मी बदलत होते. घाटकोपरला आईकडे बसून करायचे. तुमचं एकेक फूल सोडवून बघितलं, तेव्हा जमलं."

"माका सांगाक काय झाला तुका?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कातर खाली ठेवली असती. परत उचलली नसती." तेजलने एक काळं फूल उचललं. "आणि ही फेकायला काही हात धजला नाही. पाकळ्या केवढ्या सुंदर आहेत बघा."

आत पोळी करपल्याचा वास आला तशी ती पळाली. जानकीबाई काळ्या फुलांजवळ बसून राहिल्या. राग आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. लाज तर त्याहून जास्त वाटत होती. एकतीस वर्षांचा मान दोन वर्षं ज्या हाताने राखला, त्याच हाताला त्यांनी चहा करायला पाठवलं होतं. दुपारी त्या धड जेवल्या नाहीत. हर्षदने डोळा दुखतोय का विचारलं, तर त्यालाच दोन शब्द ऐकवले.

संध्याकाळी मंडळाचा सेक्रेटरी विद्याधर आला. सोबत दोन कार्यकर्ते, हातात कागदांचं बंडल. शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन टेकल्या.

"मावशी, डोळे झकास झाले ना? मग यंदा दणकून होऊ दे. आणि गेल्या वर्षीचा तो गोकर्ण तसाच पाहिजे हां! लोक फोटो काढत होते. तुमच्या हाताची सर नाय कोणाला."

तेजल ओट्याशी पाठ करून चहा गाळत होती. तिने वळून बघितलं नाही. जानकीबाईंनी नुसतं 'होय' म्हणायचा अवकाश होता. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं, तेजल जन्मात बोलली नसती.

"तो गोकर्ण माका येणा नाय रे," त्या म्हणाल्या.

"काय मावशी, मस्करी करता?"

"मस्करी कसली? दोन वर्सां तुमच्या मखराक माझी फुलां नाय. हिची आसत. माका दिसत नव्हता, मी काळी केलंय, हिने बदलल्यान." त्यांनी दारातल्या बायकांकडे एकेकीला धरून बघितलं. "डाव्या हातान केल्यान. ऐकलात? घाटकोपराक बसान."

विद्याधरने बंडल हळूच खाली ठेवलं. गाळणीतून ओट्यावर चहा सांडत होता आणि तेजलच्या ते लक्षात नव्हतं.

माणसं गेली. जानकीबाईंनी बंडल सोडलं, निळा कागद उजेडात धरून खात्री केली आणि चटई अंथरली. खिडकीकडची जागा एकतीस वर्षं त्यांची. तिथे बसल्या, मग घासत उजवीकडे भिंतीपर्यंत सरकल्या.

"बस हय. डाव्या अंगाक बस, म्हणजे कोपराक कोपर लागाचो नाय."

तेजल हात पुसत आली आणि खिडकीशी बसली. जानकीबाईंनी कातर पुढे केली. तिने उजवा हात पुढे केला, तर त्यांनी कातर मागे घेतली.

"त्या हातान नको," त्या म्हणाल्या.